कुंद्याच्या डब्यातल्या फ्लॉप्या

आम्हां गोंयकारांना बेळगाव म्हटलं की आधी भाजी आठवते, मग कुंदा, मग लग्नाची खरेदी. मला मात्र आधी शिंक आठवते. कारण माझं आजोळ बेळगावच्या पुढे पाऊणशे किलोमीटरवर, निपाणीला. मे महिन्यात आई आम्हां भावंडांना घेऊन माहेरी निघायची. आंबोलीचा घाट चढून, आजरा मागे टाकून गाडी निपाणीच्या जवळ आली की वखारींवरून येणारा तंबाखूचा वास नाकात शिरायचा आणि आम्ही तिघंही एकामागून एक शिंकायला लागायचो. आई म्हणायची, "आलं माझं माहेर."

मामा तिथल्या एका तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. धोतर, काळी टोपी, कानावर पेन्सिल. बोलणं मोजकं, अक्षर मोत्यासारखं. त्यांच्या पत्रांची एक गंमत होती. पत्राच्या डोक्यावर ते स्वतःचा पत्ता लिहायचे, तो असा : घर क्रमांक, गल्ली, निपाणी, तालुका चिकोडी, जिल्हा बेळगाव. बस्स. राज्याची ओळ कोरी. १ नोव्हेंबर १९५६ ला निपाणी मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेली, आणि १९७३ साली त्या राज्याचं नाव कर्नाटक झालं. मामांच्या पत्त्यात दोन्ही नावं कधी आली नाहीत. १९७२ साली पिनकोड सुरू झाला तेव्हा त्यांना कोण आनंद! म्हणाले, "आता नुसता आकडा लिहिला की झालं. आकड्याला राज्य नसतं."

सीमाप्रश्नात ते तरुणपणी उतरले होते. थोडे दिवस तुरुंगातही जाऊन आले. १९६६ साली सेनापती बापटांनी उपोषण केलं, महाजन आयोग नेमला गेला आणि १९६७ साली त्याचा अहवाल आला. त्यात बेळगाव शहर तिकडेच ठेवलं होतं, पण निपाणी, खानापूर, नंदगड धरून २६४ गावं महाराष्ट्राला द्यावीत अशी शिफारस होती. बेळगाव नाही म्हणून महाराष्ट्रानं तो अहवाल नाकारला, आणि निपाणी होती तिथंच राहिली. मामा यावर एवढंच म्हणायचे, "कागदावर आम्ही गेलो होतो बघ. कागदच कुठं पोचला नाही."

हे सगळं सांगतोय ते एवढ्यासाठी, की पुढची गोष्ट वरवर पाहता संगणकाची आहे, पण मला ती पहिल्यापासून शेवटपर्यंत पत्त्याचीच वाटत आली आहे.

मामा १९९२ च्या सुमारास निवृत्त झाले आणि बेळगावला मामेभावाकडे येऊन राहू लागले. मामेभावाचा तिथं छोटा छापखाना. लग्नपत्रिका मराठीतून, पावतीपुस्तकं कानडीतून, आणि दुकानांच्या बिलांवर दोन्ही. त्यानं तेव्हा नवा संगणक घेतला होता आणि त्यात पुण्याच्या सी-डॅकचं जिस्ट कार्ड बसवलं होतं. आजच्या मुलांना हे सांगावं लागेल. त्या काळी संगणकाला आपली अक्षरं ठाऊकच नव्हती. म्हणून यंत्राच्या पोटात एक जादा पाटी खोचायची, ती पडद्यावर देवनागरी काढून दाखवायची. एक कळ दाबली की तीच पाटी कानडी काढायची. संध्याकाळी छापखान्याचं काम संपलं की मामा त्या संगणकासमोर बसू लागले. साठी ओलांडलेला माणूस, पण दोन महिन्यांत इन्स्क्रिप्टचा कळफलक शिकला. काय लिहिताय विचारलं तर म्हणत, "निपाणीत महादेव मोरे पिठाची गिरण चालवून कथा लिहितात. मी निदान रिकामा बसून हिशेब तरी लिहितो."

मामा २००६ साली गेले. त्यांनी लिहिलेल्याच्या छापील प्रती कुणीतरी वाचायला म्हणून नेल्या त्या परत आल्या नाहीत. हाताने लिहिलेल्या वह्या निपाणीच्या घराच्या माळ्यावर वाळवीनं खाल्ल्या. छापखानाही पुढे बंद झाला. मामी आता शहाऐंशी वर्षांची. नजर गेल्यात जमा, कान मात्र तल्लख. गेल्या चतुर्थीनंतर तिला भेटायला बेळगावला गेलो, तेव्हा तिनं पलंगाखालून एक डबा काढायला लावला. कुंद्याचा जुना पत्र्याचा डबा. आत पाच फ्लॉप्या, प्रत्येकीवर मामांच्या मोत्यांसारख्या अक्षरात 'आठवणी' आणि पुढे क्रमांक.

मामी म्हणाली, "तू संगणकातला मानूस न्हवं? मग ह्यांनी काय लिवलंय ते मला वाचून दाखीव. एवढं झालं की मी मोकळी."

आता मी संगणकातला माणूस म्हणजे काय, तर पणजीच्या एका कचेरीत चाळीस वर्षं टेबलावर संगणक होता, एवढंच. पण मामीला नाही कसं म्हणणार? डबा घेऊन आलो.

पहिली अडचण अपेक्षेपेक्षा सोपी निघाली. फ्लॉपी वाचणारं, यूएसबीला जोडायचं यंत्र एका मित्राकडे होतं. त्यानं बजावलं, "पुन्हा पुन्हा फ्लॉपी घालून बघत बसू नकोस. जुनी फीत प्रत्येक वेळी झिजते. एकदाच घाल, तिची जशीच्या तशी प्रत काढ आणि पुढचं सगळं त्या प्रतीवर कर." हा सल्ला मी इथं मुद्दाम नोंदवतो, कारण तुमच्यापैकी कुणाच्या घरी अशा फ्लॉप्या असतील तर तो सोन्याच्या मोलाचा आहे. पाचपैकी चार फ्लॉप्या वाचल्या. तिसरीवर बुरशी होती, ती गेली ती गेलीच.

फ्लॉप्यांवर दोन गोष्टी होत्या. मामांच्या लेखनाच्या फायली, आणि ज्यात ते लिहायचे तो डॉसच्या काळातला संपादक. आजच्या संगणकावर तो चालत नाही. त्यासाठी लागतो एम्युलेटर. आपल्या दशावतारात जसा एखादा बाप्या साडी नेसून, अंबाडा घालून उभा राहतो आणि घटकाभरानं आपण विसरून जातो की हा बाप्या आहे, तसंच हे. नवा संगणक जुन्या संगणकाचं सोंग घेतो, आणि जुना प्रोग्राम बिचारा फसतो. त्याला वाटतं, आपण १९९३ सालातच आहोत. असा एक एम्युलेटर म्हणजे डॉसबॉक्स. २००२ पासून लोक तो वापरताहेत, आणि तो फुकट मिळतो.

तो उतरवून घेतला, सुरू केला. काळा पडदा आला आणि त्यावर झेड हे अक्षर लुकलुकत उभं. मामांच्या फायली माझ्या संगणकावर डोळ्यांसमोर होत्या, पण या पठ्ठ्याला त्यांचा पत्ताच नाही! संपादकाचं नाव टाइप केलं तर म्हणे, अशी आज्ञा मला माहीत नाही.

इथं मला पहिला धडा मिळाला. सोंग घेतलेल्या यंत्राला आपलं घर दिसत नाही. त्याला आपण हाताला धरून दाखवावं लागतं, की बाबा, माझ्या घरातली ही जी खोली आहे ना, ती तुझी सी ड्राइव्ह. त्याला 'माउंट' करणं म्हणतात. मी तसं केलं तर उत्तर आलं, असा फोल्डर अस्तित्वातच नाही. आता फोल्डर तर मीच केलेला! अर्ध्या तासानं उजेड पडला. मी फोल्डरला नाव दिलं होतं 'मामा फ्लॉपी', रोमन अक्षरांत, पण मधे मोकळी जागा सोडून. यंत्रानं 'मामा' एवढंच वाचलं आणि पुढचं सोडून दिलं. सगळं नाव अवतरणचिन्हांत घातलं तेव्हा सी ड्राइव्ह मिळाली.

मग यादी काढली, तर संपादक दिसला, पण मामांच्या फायली उघडता येईनात. यादीत त्यांच्या जागी भलतीच चिन्हं. ही चूक शंभर टक्के माझी. फ्लॉपीवर त्यांची नावं आठ अक्षरांत मावतील अशी, रोमन, तुटकी होती. मला ती ओकीबोकी वाटली, म्हणून प्रेमानं मी त्यांना देवनागरीत लांबलचक नावं दिली होती : 'मामांच्या आठवणी भाग पहिला' वगैरे. डॉसच्या जगात नाव आठ अक्षरांचं, टिंबानंतर फार तर आणखी तीन, आणि तेही रोमन. लांब नाव असेल तर तो ते कापतो आणि शेवटी लाटेसारखं चिन्ह आणि एक आकडा लावतो. देवनागरी तर त्याला कळतच नाही. माझ्या प्रेमानं फायली बेपत्ता झाल्या होत्या. निमूटपणे जुनी नावं परत दिली. तरी दिसेनात! कारण यंत्रानं यादी आधीच मनात साठवून ठेवली होती. कंट्रोल आणि एफ-चार दाबून ती ताजी करायला सांगितली, तेव्हा चारही भाग ओळीनं उभे राहिले.

त्यानंतरचा अडथळा मात्र खरा पत्त्याचा होता. संपादक सुरू झाला, नाव झळकलं, आणि लगेच थांबला. म्हणाला, माझा उरलेला भाग सापडत नाही. त्या काळी संगणकाची स्मृती इवलीशी. म्हणून प्रोग्राम दोन तुकड्यांत असायचा. एक सुरुवातीला यायचा आणि दुसरा, ज्याला ओव्हरले म्हणत, तो लागेल तसा डिस्कवरून बोलवायचा. तो दुसरा तुकडा माझ्याकडे होता. त्याच फोल्डरात, पहिल्याच्या शेजारी! मग सापडत कसा नाही?

रात्री अकरा वाजता सापडलं. मामेभावानं १९९२ साली हा संपादक ज्या जागी बसवला, तो पत्ता त्याच्या एका छोट्या फायलीत कोरून ठेवलेला होता : सी ड्राइव्ह, त्यात 'लेख' नावाचा फोल्डर. माझ्याकडे तो होता सी ड्राइव्ह, त्यात 'मामा', त्यात 'लेख'. एक पायरी खाली. शेजारी असलेला भाऊ त्याला दिसत नव्हता, कारण तो तीस वर्षांपूर्वीच्या पत्त्यावर जाऊन दार ठोठावत होता. आणि त्या पत्त्यावर आता कुणीच राहत नव्हतं.

मला मामांच्या पत्रांची आठवण झाली. घर तेच, गल्ली तीच, माणसंही तीच. आधी मुंबई राज्य, मग म्हैसूर, मग कर्नाटक. २०१४ च्या १ नोव्हेंबरपासून बेळगावचंही बेळगावी झालं. घर एक इंचही हललं नाही. त्याच्याकडे जायची वाट मात्र वरून कुणीतरी बदलत राहिलं. निपाणीच्या लोकांना हे नवं नाही. देवचंद कॉलेज घ्या. पोरं निपाणीतून चालत जातात, पण कॉलेज आहे अर्जुननगरात, म्हणजे कागल तालुक्यात, जिल्हा कोल्हापूर, महाराष्ट्र! घरून निघताना कर्नाटक, वर्गात बसताना महाराष्ट्र, दुपारी जेवायला पुन्हा कर्नाटक. माणसं सवयीनं वाट काढतात. प्रोग्रामला सवय नसते. त्याला दिलेला पत्ता तो शब्दशः पाळतो.

उपाय दोन होते. त्याच्या फायलीतला पत्ता बदलायचा, किंवा त्याला हवं तसं घर उभं करून द्यायचं. मी दुसरा निवडला. मामेभावानं केलेल्या गोष्टीला हात लावावासा वाटला नाही. 'लेख' हा फोल्डर एक पायरी वर आणला आणि पुन्हा सी ड्राइव्ह जोडून दिली. संपादक सुरळीत सुरू झाला. मामांचा पहिला भाग उघडला.

आणि पडदाभर रेघाच रेघा.

उभ्या रेघा, आडव्या रेघा, दुहेरी रेघा, कोपरे, चौकटींचे तुकडे. मधूनच एखादं ग्रीक अक्षर. जणू कुणीतरी नकाशावरच्या सगळ्या सीमारेषा उचकटून एकत्र ओतल्या होत्या. अक्षर एकही नाही. फक्त मधे मधे, त्या रेघांच्या कुंपणात उभे असावेत तसे इंग्रजी आकडे : १९५६. १९६७. १९८१. ते तेवढे वाचता येत होते.

माझा धीर सुटला, खरं सांगतो. फायली खराब झाल्या असं धरून मी मामेभावाला फोन केला. फोन त्याच्या मुलीनं घेतला. ती बेळगावातच इंजिनियरिंगला आहे. शांतपणे म्हणाली, "काका, खराब झाली असती तर आकडे नीट आले नसते. फाईल बरोबरच असणार. वाचणारा चुकतोय. तुम्ही घेऊन या की इकडं."

पुढच्या शनिवारी चोर्ला घाट चढून गेलो. तिनं फाईल उघडली ती अक्षरांत नाही, आकड्यांत. प्रत्येक खूण म्हणजे शेवटी एक आकडा. बघता बघता म्हणाली, "हे सगळे १६१ ते २५० च्या मधले आहेत. ही इस्की आहे." भारतीय लिप्यांसाठी ठरवलेली जुनी सरकारी संकेतप्रणाली, १९९१ साली तिचं प्रमाण पक्कं झालं. तिच्यात क म्हणजे १७९ आणि ह म्हणजे २१६. आणि गंमत बघा, जुन्या अमेरिकन संगणकांत १७९ पासून २१८ पर्यंतच्या आकड्यांना चौकटी आखायच्या रेघा नेमून दिल्या होत्या! म्हणजे आपली क पासून ह पर्यंतची सगळी व्यंजनं नेमकी त्या रेघांवर जाऊन बसली. काना म्हणजे २१८, तो डाव्या बाजूचा वरचा कोपरा. हलन्त म्हणजे ग्रीक फाय. मामांच्या काळी जिस्ट कार्ड मधे उभं राहून या आकड्यांची देवनागरी करत होतं. माझ्या एम्युलेटरनं सगळ्या यंत्राचं सोंग हुबेहूब घेतलं, पण ती एक पाटी त्याच्याकडे नव्हती. सोंग बिनचूक, पण भाषांतर करणारा माणूस गैरहजर.

पोरीनं संध्याकाळपर्यंत एक छोटा प्रोग्राम लिहिला. एका बाजूला इस्कीचा आकडा, दुसऱ्या बाजूला आजच्या युनिकोडचं अक्षर. मामी शेजारी माळ ओढत बसलेली. मी चष्मा पुसून पडद्याकडे बघत होतो. तिनं कळ दाबली, आणि पडदा अक्षरांनी भरला.

कानडी अक्षरांनी.

मी म्हटलं, "अगं, हे काय?"

ती जरा ओशाळली. म्हणाली, "काका, मी आधी कानडीचा तक्ता घेतला. तो मला पाठ आहे, चूक लगेच कळते. एक ओळ बदलली की मराठी येईल. आकडे तेच आहेत."

आकडे तेच आहेत! मला आधी हे समजलंच नाही. तिनं कागदावर काढून दाखवलं. इस्की करणाऱ्यांनी ठरवलं होतं की आपल्या लिप्या दिसायला वेगळ्या असल्या तरी वर्णमाला एकच आहे. म्हणून क चा आकडा एकच ठेवायचा, मग तो देवनागरीत काढा की कानडीत की तेलुगूत. कुठल्या लिपीत काढायचं ते काढणाऱ्यानं ठरवावं. युनिकोडनं प्रत्येक लिपीला वेगळा वाडा दिला, पण वाड्यातल्या खोल्यांचा क्रम तोच ठेवला. मराठी क पासून कानडी क बरोबर ८९६ घरं पुढे. म पासून म ही ८९६. म्हणजे मामा १९९३ साली, जन्मभर राज्याची ओळ कोरी ठेवणारे आमचे मामा, मराठीत लिहीत होते, पण यंत्रात साठत होतं ते ना देवनागरी ना कानडी. साठत होता नुसता उच्चार.

मी म्हणालो, "बदल ती ओळ. मराठीत आण." मनात आलं, मामांना हे दिसलं असतं तर काय वाटलं असतं!

तेवढ्यात मामी म्हणाली, "तुला वाचता येतंय न्हवं गं? मग वाच की."

आणि पोरगी वाचू लागली.

ती कानडी माध्यमात शिकली आहे. घरात मराठी, शाळेत कानडी, कॉलेजात इंग्रजी. देवनागरी तिला येते, पण दुकानाच्या पाट्या वाचण्यापुरती. चार पानं सलग वाचायची तर ती अडखळते. कानडी अक्षरांतून मात्र ती पाण्यासारखी वाचत सुटली. मामांची वाक्यं, मामांचे शब्द, 'वखार', 'दिवाणजी', 'पडशी', 'उन्हाळ्याचं ऊन' सगळं शुद्ध निपाणीकडचं मराठी तिच्या तोंडून येत होतं, आणि मी, मराठीत चार लेख लिहिणारा माणूस, त्या पडद्यासमोर निरक्षर बसलो होतो. फक्त एका ठिकाणी ती थांबायची. 'दुसऱ्या', 'वाऱ्यावर' असे शब्द आले की मधलं अक्षर तिला ओळखू येईना. आपल्या त्या अर्ध्या ऱ च्या जागी कानडीतलं एक जुनं अक्षर आलं होतं, जे आज कानडीत कुणी वापरत नाही. तिथं मामी पुढचा शब्द सांगायची. कसा कोण जाणे, पण तिला तो कळायचा.

चौथ्या फ्लॉपीवर १९८१ आलं.

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो. त्या वर्षी शरद जोशींच्या नेतृत्वाखाली निपाणीच्या तंबाखू उत्पादकांनी भावासाठी पुणे-बंगळूर महामार्ग अडवला. उन्हात, बायकापोरांसह हजारो शेतकरी रस्त्यावर बसून राहिले. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळीबार केला. शेतकरी मेले. आमच्या घरात या विषयावर मामा कधीच बोलले नाहीत. विचारलं तर उठून जायचे.

फ्लॉपीत त्यांनी लिहिलं होतं. त्या रात्री ते घरी आले नाहीत, वखारीतच बसून राहिले. समोर खातेवही होती. दर हंगामात शेतकऱ्याचा माल काट्यावर चढला की ओलाव्याची घट म्हणून काही किलो वजा करायची पद्धत होती. किती वजा करायचे ते मालक डोळ्यांनी सांगायचा, आणि मामा ते आपल्या मोत्यांसारख्या अक्षरात लिहायचे. कोरड्या मालालाही घट लागायची. त्या रात्री मामांनी वही उलटी चाळली, आणि त्या हंगामात आपल्या हातानं कुणाची किती घट जादा लिहिली, त्याची यादी काढली. पुढे दीड पान नुसती तीच यादी होती. गाव, खात्याचा क्रमांक, किलो. माणसांची नावं त्यांनी घातली नव्हती. खाली एकच वाक्य, मला अक्षरशः आठवत नाही, पण मतलब असा, की राज्य कुठलं यासाठी मी तुरुंगात गेलो, पण ज्या काट्यापाशी रोज उभा होतो तिथं मी तोंड उघडलं नाही.

पोरगी वाचायची थांबली. खोलीत पंख्याचा आवाज तेवढा. मला वाटलं, हे मामीला ऐकवायला नको होतं. मी म्हटलं, "मामी, पुढचं उद्या वाचूया का?"

मामीनं माळ बाजूला ठेवली. म्हणाली, "आरं, मला ठावं हुतं ते. चवथ्या दिवशी घरी आले तवा माझ्या पाटल्या मागून घेतल्या. कुणाकुणाला पैसं देऊन आले ते मी इचारलं न्हाई." थोडं थांबून म्हणाली, "मला एवढंच बघायचं हुतं, ह्यांनी ते लिवलं का न्हाई."

मग नातीकडे तोंड करून म्हणाली, "वाच गं पुढं."

रात्री साडेनऊपर्यंत वाचन चाललं. तिसरी फ्लॉपी नसल्यामुळे मधली काही वर्षं गेली. मामी म्हणाली, "ती मला पाठ हाईत."

दुसऱ्या दिवशी पोरीनं ती एक ओळ बदलली आणि सगळं देवनागरीत आणलं. ते मी छापून, बांधून निपाणीच्या घरी ठेवलं. पण तिच्यासाठी कानडी अक्षरांतली प्रतही ठेवायला सांगितली. आधी मला हे म्हणताना जड गेलं. मग आठवलं, की आपल्याच गोव्यात १६१६ साली राशोलला फादर स्टीफन्सचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं ते मराठी, पण रोमन अक्षरांत. आणि कोंकणी तर आजही मंगळुरात कानडी अक्षरांत लिहिली जाते. लिपी हे भाषेचं घर खरं. पण घर बदललं म्हणून माणूस दुसरा होत नाही, हे आपल्याला निदान ठाऊक असायला हवं. सीमाप्रश्नाचा दावा महाराष्ट्रानं २००४ साली सर्वोच्च न्यायालयात नेला, तो अजून तिथंच आहे. त्याचा निकाल काय लागायचा तो लागो. मामांच्या आठवणींचा पुढचा वाचक आमच्या घरात आहे, आणि तो कानडीतून वाचतो.

तुमच्या माळ्यावर अशा फ्लॉप्या असतील तर माझ्या चुकांतून एवढं घ्या. आधी प्रत काढा. फायलींची मूळ नावं बदलू नका, मग ती कितीही ओबडधोबड असोत. प्रोग्राम काहीतरी सापडत नाही म्हणाला तर आधी विचारा, हा शोधतोय कुठं? आणि उघडल्यावर नुसत्या रेघा दिसल्या तर फाईल फेकून देऊ नका. त्या रेघांच्या आड कुणीतरी बोलत असेल.

त्या प्रतींच्या फोल्डरात मी एक साधी चिठ्ठी टाकून ठेवली आहे : कुठला संपादक, कुठला संकेत, कुठला पत्ता. पुढच्या माणसाला रात्री अकरापर्यंत बसावं लागू नये म्हणून. चिठ्ठीच्या डोक्यावर मामांचा पत्ता आहे. घर क्रमांक, गल्ली, निपाणी, जिल्हा बेळगाव, पिनकोड.

राज्याची ओळ मी कोरीच ठेवली आहे.